जामाईचे तीन दाणे

बागबाजार, कोलकाता
२८ जुलै २०२५

सौ. आरती हिस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे म्हणून लिहिले. मनातून दिलेत असं समजू नकोस.

मोबाइलवर मी तुझा नंबर ब्लॉक केलाय. फोनवर तू रडतेस, मग मी विरघळते आणि मुद्दा तसाच राहतो. माझ्या भावाशी, हर्षदशी, तुझं लग्न झाल्यापासून हेच चाललंय. म्हणून पत्र. मुद्दा एकच आहे. जामाई कसा मेला?

एक जुलैला मी गुडघा बदलून घ्यायला इस्पितळात गेले, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या बेहालाच्या घरी त्याला ठणठणीत पोचवला होता. काचेचं भांडं, झाकण, खाण्याची नवीकोरी डबी आणि वर कार्ड. कार्डावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, दुसरीतल्या मुलाला कळेल असं. सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन. दाणे आधी भिजवायचे, कारण ते फुगतात. बेट्टा माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. रविवारी उपास. काचेपाशी येऊन कितीही नाचला तरी रविवारी उपास.

सोळा जुलैला तुझा फोन आला की गेला. वीसला तुम्ही भांडं परत आणून दिलंत आणि सोबत डबी. ती डबी दिवाळीपर्यंत पुरायची. आत बोट फिरवलं तर बोटाला पूडसुद्धा लागली नाही. आणि हर्षद बिचारा भोळेपणानं सांगून गेला, "ताई, पोट अगदी लाडवासारखं झालं होतं गं."

बंगाल्यांत जावयाला जामाई म्हणतात आणि वर्षातून एकदा त्याला फुटेस्तोवर जेवू घालतात, म्हणून शेजारच्या मोंडलबाईंनी हे नाव ठेवलं होतं. जेवणावरून रुसायचा म्हणून. तू ते नाव खरंच मनावर घेतलंस की काय? तुझ्याकडे जेवायला आलेला माणूस आडवा पडल्याशिवाय सुटत नाही, हे सगळ्या कोलकात्यातल्या मराठी माणसांना माहीत आहे. "अजून एकच, माझी शपथ." माणसं निदान पानावर हात आडवा धरतात. त्याला हात नव्हते.

मला तुझ्या अक्षरात दोन ओळी हव्यात, की मी प्रमाणाबाहेर खायला घालून जामाईला मारलं. पंधरा ऑगस्टच्या आत आल्या नाहीत, तर मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाचं वाढप तुझ्याकडे राहणार नाही. बावीस वर्षं तू त्या पंगतीत पातेलं घेऊन मिरवतेस. मी कमिटीवर आहे हे विसरू नकोस.

अलका

•

बेहाला
४ ऑगस्ट २०२५

ती. अलकाताईंस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा कसा आहे? वाकवायचे व्यायाम चुकवू नका. मोंडलबाई डबा देतात म्हणालात, तरी मेतकूट आणि भाजणी पाठवतेय, तुम्हाला आवडते तशी.

ताई, मासा वयानं गेला असेल. तुम्हीच म्हणायच्या की हे मासे दोन-तीन वर्षांचेच सोबती. शिवाय त्या आठवड्यात उकाडा किती होता! इकडे दोनदा वीज गेली. डबीचं म्हणाल तर ती ओट्यावरून पडून सांडली होती. तेवढं सांगायचं राहिलं, चुकलं माझं.

ह्यांना यातलं काही विचारू नका, एवढी विनंती आहे. त्यांच्या मनाला फार लागलंय. जामाईला त्यांनीच मागच्या कुंडीत पुरलं आणि दिवसभर जेवले नाहीत. पत्रं येतात तेव्हा ते आंघोळीला असतात, तेव्हा त्यांना कळलेलं नाही. तसंच राहू दे.

तुमच्या बागबाजारात, गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तसेच मासे मिळतात ना? मी येते आणि तुमच्या पसंतीचा एक घेऊन देते. तुम्ही म्हणाल त्या रंगाचा.

आपली,
आरती

•

बागबाजार
८ ऑगस्ट २०२५

आरती,

मेतकूट मोंडलबाईंच्या मांजरीनं हुंगून सोडून दिलं. भाजणी मी परत पाठवतेय.

सांडली म्हणे! सांडलेलं कोणी केरात भरतं, कोणी परत डबीत भरतं. माशाचं पोट त्यानं लाडवासारखं होत नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. गृहपाठाची वही कुत्र्यानं खाल्ली म्हणणाऱ्या मुली रोज दोन भेटायच्या, आणि त्या तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलायच्या.

आणि "तसाच एक घेऊन देते" हे लिहायला तुझा हात कसा धजला? साडी आहे का ती, की पदराला डाग पडला तर दुसरी आणावी?

निवृत्त झाले त्या वर्षी गॅलिफ स्ट्रीटवर मी मोगऱ्याची रोपं घ्यायला गेले होते असं तुम्हाला सांगितलं होतं. खोटं. घरात कोणाशी तरी बोलावं म्हणून काहीतरी जिवंत आणायला गेले होते. पाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या ओळीनं टांगलेल्या होत्या आणि एकीतला हा निळा, एवढासा, माझ्याकडे बघून कल्ले फुगवून भांडायला उठला. म्हटलं, चला, आपल्या स्वभावाचा भेटला.

पहिले चार दिवस त्यानं दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. मी भिजवून दिला, अर्धा करून दिला, बारीक काडीच्या टोकावर धरून दिला. पाचव्या दिवशी गिळला, तेव्हा मी एकटीनं चहात साखर जास्त घालून प्यायले. बुधवारी त्याला जिवंत खाणं लागायचं, पाण्यातल्या बारीक पिसवा, चिमूटभर. हा मांसाहारी जीव, त्याला भात-पोळी चालत नाही. हे सगळं मी तुम्हा दोघांना तुमच्या दिवाणखान्यात बसून समजावलं होतं. तू तेव्हा नाकाला पदर लावला होतास, कारण डबीला सुकटीचा वास येतो. तुझा सोवळेपणा मला माहीत आहे, पण आग्रह समोर आला की तुझा सोवळेपणासुद्धा हरतो, हेही माहीत आहे.

आणि एक नीट ऐक. हा मासा कायम भुकेला दिसतो. आत्ता जेवला असला तरी माणूस दिसला की काचेपाशी येतो, डोळे लावून बसतो. घालाल तितकं खातो, मरेपर्यंत खातो. त्याला पुरे म्हणता येत नाही. पुरे म्हणायचं काम वाढणाऱ्याचं असतं. अति तिथे माती, आणि ती माती तू त्याच्यावर टाकलीस.

पंधरा तारीख लक्षात ठेव. माझा भाऊ तुझ्या पदराआड लपवून तू सुटणार नाहीस.

अलका

•

बेहाला
१४ ऑगस्ट २०२५

ती. अलकाताईंस,

सा. न. वि. वि.

मी प्रमाणाबाहेर खायला घालून जामाईला मारलं. तो काचेपाशी यायचा, मला दया यायची, मी घालत गेले. चूक सर्वस्वी माझी आहे. हर्षदचा यात काही संबंध नाही.

तुम्हाला हव्या होत्या त्या ओळी दिल्या. आता एकच मागते. महाप्रसादाचं वाढप यंदा माझ्याकडे राहू द्या. पुढच्या वर्षी काढून घ्या, मंडळातून नाव काढून टाका, सगळ्यांसमोर मला काय बोलायचं ते बोला. पण यंदाच्या पंगतीला मला तिथे उभं राहू द्या. हे सूत्रसंचालन करणार आहेत, आणि मी त्यांच्या जवळपास असणं जरुरीचं आहे. कारण विचारू नका.

तुमच्या पाया पडते.

आरती

•

बागबाजार
२ सप्टेंबर २०२५

सौ. आरती हिस,

तुझी कबुली अठरा तारखेला पोचली. मुदत पंधराची होती. टपालखात्याचा दोष असेल, पण मुदत म्हणजे मुदत. आणि खरं सांगायचं तर वेळेवर आली असती तरी मी हेच केलं असतं. ज्या बाईला मासा मेल्यापेक्षा पंगतीतलं पातेलं जाण्याचं दुःख जास्त आहे, तिच्या हातून ते पातेलं काढून घेण्यात जो आनंद आहे तो मला सोडवेना.

अध्यक्ष गुरुदत्त तयार नव्हते. म्हणाले, आरतीवहिनींशिवाय पंगत कशी? मी म्हटलं, वहिनींचा हात फार सैल आहे, यंदा अन्न वाया जायला नको. डमडमच्या अश्विनीला पुढे केलं. तिच्या नवऱ्याची वर्षापूर्वीच इथे बदली झालीय, तिला काही इतिहास ठाऊक नाही. मोजून वाढते. एक मूद, एक वरण, एक मोदक. मी डोळे भरून बघितलं.

आणि तू! मागच्या खुर्च्यांत, भिंतीला टेकून, दोन हात मांडीवर. बावीस वर्षांत तुला बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. माझा नवा गुडघा त्या दिवशी अजिबात दुखला नाही.

जेवणाआधी मी "पाळीव माशांचा आहार" यावर पाच मिनिटं बोलले, ते तू ऐकलंसच. नाव घेतलं नाही. पण "एका थोर अन्नपूर्णेनं पंधरा दिवसांत चार महिन्यांचं खाऊ घातलं" म्हटल्यावर सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. हर्षदसुद्धा माइकजवळ उभा राहून पोट धरून हसला. तुझ्या नवऱ्याला हसवून तुझा सूड घेतला, याहून गोड काय असेल?

मात्र घरी जाऊन तू त्याच्यावर राग काढलेला दिसत नाही, आधीच काढला होतास. कारण माझ्यानंतर तो माइकवर आला आणि अश्विनीच्या मुलीच्या गाण्याची घोषणा त्यानं तीनदा केली. मुलगी गाऊन खाली बसली तरी पुन्हा तिलाच बोलावलं. लोक हसले, त्याला वाटलं आपण विनोद केला. मग पंगत चालू असताना मध्येच थांबून तुला शोधत राहिला, हातातले कागद उलटसुलट करत. वीस वर्षं रंगमंचावर उभा राहणारा माझा भाऊ असा गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. आदल्या रात्री त्याला किती छळलंस?

आता माझं तुझं फिटलं असं समजू नकोस. ही सुरुवात आहे.

अलका

•

बेहाला
६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी

अलकाताई,

नमस्कार वगैरे आज नाही.

मी त्यांना वचन दिलं होतं की तुम्हाला सांगणार नाही. आज मोडते. तुम्हाला दिलासा मिळावा म्हणून नव्हे. तुम्हाला कळावं, आणि कळल्यावर तुम्हाला ते कोणाजवळ बोलता येऊ नये, म्हणून मोडते. तुम्ही माझ्यावर सूड घेतलात ना? आता माझा घ्या.

माशाला मी एक दाणाही घातला नाही. मी अंड्याच्या पातेल्याला हात लावत नाही, आणि ऐन चातुर्मासात सुकटीच्या डबीत बोटं घालीन? इतका भूगोल शिकवलात, एवढी साधी गोष्ट नाही सुचली? त्याला खायला ते घालायचे. तुमचं कार्ड त्यांनी भांड्यावर चिकटवलं होतं. रोज सकाळी वाचायचे. वाचायचे, तीन दाणे घालायचे, पेपर वाचायला बसायचे. मग मासा काचेपाशी यायचा आणि ते उठून म्हणायचे, "अरे, आज तुला दिलंच नाही की!" पुन्हा कार्ड, पुन्हा तीन दाणे. मोजून तीनच, ताई. तुम्ही सांगितलं होतं तसे भिजवून. दिवसातून किती वेळा, ते मला पहिले काही दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा मी डबी लपवली. त्यांनी ती शोधून काढली आणि म्हणाले, "आरती, ताईचा मासा उपाशी मारशील."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं. औषध आहे, पण परत फिरायची वाट नाही. हे एवढंच म्हणाले, "ताईला कळू देऊ नकोस. आई गेल्यावर तिनं मला पाढे पाठ करून घेतले. आता तिला काय सांगू, सगळं विसरत चाललोय म्हणून?" आणि म्हणाले, "यंदा गणपतीत एकदा माइक हातात घेतो. मग सोडतो."

म्हणून मला पातेलं हवं होतं. पंगत चालू असताना मी त्यांच्या बाजूनं वाढत जायची आणि हळूच पुढचं नाव सांगायची. गेल्या वर्षीही तसंच केलं, कोणाला कळलं नाही. यंदा तुम्ही मला भिंतीला बसवलंत. तिथून माझा आवाज पोचत नव्हता. ते कागदात मला शोधत नव्हते, स्वतःला शोधत होते, आणि चाळीस कुटुंबं हसत होती. तुमच्या भाषणावर ते हसले कारण त्यांना आठवतच नव्हतं. टॅक्सीत मला विचारलं, "ती अन्नपूर्णा कोण गं?"

माझा दोष आहे, तो मी घेते. सोवळं बाजूला ठेवून मी ती डबी स्वतःकडे घेतली असती, तर तुमचा मासा जगला असता. तेवढा खून माझा. बाकीचं तुम्ही गिळा. त्यांच्यासमोर तोंडातून एक शब्द निघाला, तर या घराचं दार तुम्हाला कायमचं बंद होईल.

आरती

•

बेहाला
१३ सप्टेंबर २०२५

प्रिय ताईस,

सा. नमस्कार.

आरती भाजी आणायला गेलीय. तेवढ्यात लिहितो. तिच्या कपाटात मला तुझी पत्रं सापडली. मी काहीतरी दुसरं शोधत होतो, काय ते आता आठवत नाही. पण पत्रं वाचली. सगळी वाचली.

ताई, तू त्या दिवशी माशाच्या आहारावर छान बोललीस. मी हसलो होतो.

मला हल्ली जरा विसरायला होतं. वय झालं. आरती म्हणते काही नाही, पण औषधाच्या गोळ्या ती मोजून देते आणि मी गिळल्या की तोंड उघडून दाखवायला सांगते, म्हणजे काहीतरी असणार. मला एवढं आठवतं की जामाई काचेपाशी यायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, आज तुला दिलंच नाही की. हे मी म्हणायचो एवढं नक्की आठवतं. किती वेळा म्हणालो, ते आठवत नाही. कुंडीत त्याला पुरल्याचं आठवतं. हाताला जड लागला होता. एवढासा मासा आणि जड.

तुझ्या पत्रात लिहिलंय की आरतीनं मारलं. आरती तर डबीला हात लावत नाही. की लावते? मला खात्री नाही. कशाचीच खात्री नाही.

ताई, मासा मी मारला का? आरतीला विचारलं तर ती नाहीच म्हणेल, ती माझ्यासाठी काहीही बोलेल. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले गावाला गेलीय, तू एकटीनं खरं सांगितलंस. तसं आत्ता सांग. ताई, मासा मी मारला का? तुझं उत्तर आलं की मी कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवीन, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

तुझा,
हर्षद

•

बागबाजार
१७ सप्टेंबर २०२५

चि. हर्षद यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे मनापासून.

मोठ्या माणसांची पत्रं चोरून वाचायची खोड अजून गेली नाही तुझी. वाचलंसच, तर नीट ऐक.

नाही. तू नाही मारलास. तू सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन घालत होतास, कार्ड वाचून, भिजवून. तुझ्यावर माझा विश्वास होता म्हणूनच मी त्याला तुझ्याकडे ठेवला, आणि तू तो राखलास.

मारलं तुझ्या बायकोनं. तू पेपर वाचायला बसलास की ती मागून यायची आणि घालायची. तुला वाटायचं आपण दिलं नाही, कारण तो पुन्हा पुन्हा काचेपाशी यायचा. पण तो मासाच तसा होता, त्याला आयुष्यात कधी पोट भरल्यासारखं वाटलं नाही. तिची लेखी कबुली माझ्याकडे आहे, चौदा ऑगस्टची, तिच्या अक्षरात. त्यात स्पष्ट लिहिलंय, "हर्षदचा यात काही संबंध नाही." तुला हवा तर तो कागद पाठवते. तोच भिंतीला लाव.

त्या बाईला तू ओळखत नाहीस. मला वाटायचं, मी ओळखते. मीही ओळखत नव्हते. इतकी वर्षं तिनं आपल्या घरात काय काय लपवून ठेवलं आणि किती शांतपणे, ते मला आता कळलं. अशा बाईला मोकळं सोडून चालणार नाही. म्हणून मी सोमवारी टॅक्सी करून येतेय, बॅग घेऊन, राहायला. कधी जाईन ते विचारू नकोस. स्वयंपाकघरात, औषधांच्या डब्यापाशी, बाजारात, सगळीकडे मी तिच्याबरोबर राहणार. रात्री ती उठली की मी उठणार. तिला एक दिवस एकटं सोडणार नाही, हे तिला सांगून ठेव. घाबरली तर घाबरू दे.

मंडळात पुढच्या वर्षीचं वाढप तिलाच परत देताहेत असं ऐकते. गुरुदत्तना मीच सांगितलं. सगळ्यांच्या देखत तिला राबताना बघायचंय मला.

तू पोटभर जेव, वेळेवर झोप आणि ह्या माशाचा विचार सोड. तुझं-माझं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते माझं आणि आरतीचं. मी तिला या जन्मात माफ करणार नाही, आणि तू मध्ये पडू नकोस.

तुझी,
ताई